घरावर चढवलेली काळी

खुशालरावाच्या आयुष्यात त्याच्या स्वतःच्या कर्तबगारीने घडले असे फारसे काही सापडत नाही. अमेरिकेत यादवी माजली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या बोंडाला अचानक राजयोग आला. या साऱ्या उलाढालीत खुशालरावाचा वाटा एवढाच, की वलगावच्या शिवारात त्याच्या बापाने जिवापाड राखलेली काळीभोर जमीन त्या वेळी त्याच्या नावावर होती. तेजीच्या त्या वर्षांत चांगली चांगली माणसे थोडीफार बहकली. पण ती तेजी आपल्या बुद्धीला मिळालेली पावती आहे असे मनोमन मानणारा माणूस वलगावात हा एकच निघाला.

कापसाच्या गाड्या घेऊन तो अमरावतीला जाई. तिथे एका साहेबाच्या बंगल्याच्या दारांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या त्याने पाहिल्या. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे दाबून बसवलेली, त्यांवर पखालीने पाणी मारलेले, आणि त्यांतून आत शिरणारा वारा गार व सुगंधी. चपराशाने हटकेपर्यंत जेवढा वेळ तो फाटकापाशी उभा होता, तेवढ्यात आपल्याला सारे समजले अशी त्याची खात्री झाली. पुढच्या खेपेला त्याने दोन ताट्या गाडीत घालून आणल्या आणि घराच्या पूर्वेच्या दाराला ठोकल्या, कारण अचलपूरकडे जाणारा गाडीरस्ता त्या बाजूला होता.

वैशाखातला वारा वऱ्हाडात पश्चिमेकडून येतो, हे तिथे बैलालाही कळते. तो वाऱ्याकडे पाठ करून बसतो. वारा नाही तिथे ताटी म्हणजे नुसती ओली भिंत. आतली हवा दमट झाली, घरातली माणसे अधिकच घामाघूम झाली.

"अवो, वारा तिकून येते अन् ताट्या इकडं," त्याची बायको मनकर्णाबाई म्हणाली.

"तिकून कोन पाह्यते? रस्ता इकडं हाये."

"मंग काय रस्त्याले थंड करून राहिले तुमी?"

ज्याच्यापाशी उत्तर नसते तो सहसा एखादी मोठी गोष्ट हाती घेतो. खुशालरावाने छप्पर हाती घेतले.

घाई करण्यास निमित्तही होते. ज्येष्ठ लागताच अचलपूरचे किसनराव सुपारी फोडायला, म्हणजे खुशालरावाच्या मुलीचे, जमुनाचे, आपल्या मुलाशी, रामरावाशी, लग्न पक्के करायला येणार होते. तेजीच्या नशेत असलेली दुसरी स्थळेही आली होती, पण मनकर्णाबाईचा जीव या एकाच स्थळात अडकला होता. तिची थोरली बहीण माणिकबाई त्याच भावकीत दिलेली होती आणि तिने सांगितले होते, "इथं सून आधी जेवली तरी कोनी भांडं आपटत नाही." मनकर्णाबाईला स्वतःच्या संसारात एवढेही मिळालेले नव्हते. हे लग्न मोडू नये, यापलीकडे तिने त्या वर्षी देवाकडे काही मागितले नाही.

त्या भागातली घरे धाब्याची. लाकडी तुळयांवर आडव्या काड्या, त्यांवर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या खोडांचा, थर आणि सर्वांत वर पांढरीची माती. शेताची माती ती काळी, गावाखालची ती पांढर. पांढरीवरून पाणी निथळून जाते. काळी ते पिते, फुगते, जड होते आणि वाळली की हात जाईल एवढी फाकते. म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी धाब्यावर नवी पांढर पसरायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पोरवयात खुशालरावाने स्वतः डोक्यावरून तिच्या पाट्या वाहिल्या होत्या. तेव्हा पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले नाही. अज्ञान असते तर ते निदान क्षम्य ठरले असते.

त्याने धाब्यावर चांगला वीतभर थर घालायला सांगितला, आणि तोही काळीचा.

"ज्या मातीनं आपल्याले वर आनलं, तिले खाली काहून ठेवाची?" तो मजुरांना म्हणाला. "पांढर त भिकाऱ्याच्याबी घरावर असते."

मजूर एकमेकांकडे पाहून हसले आणि त्यांनी माती चढवली. या थरावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपायचे, म्हणजे अख्खे घरच एक ताटी होईल, असा त्याचा सिद्धान्त होता. न्यायाने सांगायला हवे की आरंभी घर खरोखरच गार झाले. खुशालराव जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीवाल्यांना आत बोलावून बसवू लागला, आणि ते बिचारे बैल उन्हात सोडून त्याचे व्याख्यान ऐकू लागले. मधली तुळई वाकली, हे मात्र एकट्या मनकर्णाबाईला दिसले. तिने तिच्याखाली बाभळीचा टेकू उभा करवला. पाहुणे यायच्या सकाळी खुशालरावाने तो दरिद्री दिसतो म्हणून काढून टाकला आणि त्या दिवसापुरते दुप्पट पाणी ओतायला सांगितले.

किसनराव दोन वडीलधाऱ्यांसह आले. बैठक घातलेली, मधोमध सुपारीचे ताट. गूळपाणी झाले. गारवा कसा आहे, असे खुशालराव विचारणार, तोच किसनरावांच्या पांढऱ्या धोतरावर एक काळा थेंब पडला. दुसरा पागोट्यावर. मग तुराट्यांसकट चिखलाचा एक गोळा सुटून थेट ताटात आला.

किसनरावांनी वर पाहिले.

"इवाई, वावर डोक्यावर नेलं तुमी. आता पेराले तिफन शिडीवरून चढवाची का?"

वडीलधारे हसले. खुशालराव तेव्हा हसला असता, "चुकलो" म्हणाला असता, तरी गोष्ट तिथेच मिटली असती. वऱ्हाडी माणूस कबुलीला मोठा मान देतो. पण तो म्हणाला, "बायायचं काम हाये हे. म्या सांगतलं थोडं शिंपा, त यायनं सारी हीर उपसली."

आतल्या दाराशी उभी असलेली मनकर्णाबाई हे ऐकत होती. ती पाहुण्यांसमोर आली, चिखलाचे ताट उचलले, धुऊन दुसऱ्या सुपाऱ्या घातल्या आणि पश्चिमेच्या पडवीत नवी सतरंजी अंथरली. तिथल्या छपरावर अजून जुनी पांढर होती. किसनराव उठून तिथे जाऊन बसले. रखरखीत वाऱ्यात पागोट्याचा चिखल वाळू लागला.

"इहीनबाई," ते खुशालरावाकडे न पाहता म्हणाले, "पोरगी आमची झाली. पन लगन आमच्या दारी होईन, अचलपूरले. ह्या छपराखाली माह्या वऱ्हाडाले मी बसवनार नाही."

लग्न मुलीच्या दारी व्हायचे, हा रिवाज. ते तिथून हलवणे म्हणजे त्या दाराला दार न मानणे. गावात यापरता अपमान नाही, हे मनकर्णाबाईला पुरते ठाऊक होते. नवऱ्याने तोंड उघडण्याच्या आत तिने उत्तर दिले.

"होईन. तारीख तुमी ठरवा."

सुपारी पडवीत फुटली.

खुशालरावाला यातला अपमान कळला नाही, आणि त्याच्या चरित्रातली खरी लाजिरवाणी गोष्ट ही आहे. अमरावतीच्या कापूसबाजारात तो पुढे कितीतरी दिवस सांगत फिरला, की अचलपूरकरांनी आपला एवढा मान राखला की मांडवाचा सारा बोजा आपण होऊन उचलला. जमुना त्या घरी सुखाने नांदली. माहेरी आली की तिथल्या सवयीने ती कोणाची वाट न पाहता आईच्या पानाला पान लावून जेवायची. त्या सुखाकडे पाहून खुशालराव लोकांना सांगे की असे स्थळ पारखायला नजर लागते.