अंधार पडला की डोलणारा कवडू

आमचे बुवा, म्हंजे माहे मालक जानराव, त्यायच्यासारखा ताठ माणूस भिलाईच्या अख्ख्या मजूर क्यांपात नव्हता, हे मी पयलेच सांगून टाकते. विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष होते ना! कवडूभाऊची गोष्ट सांगाची तं आमच्या बुवापासूनच सुरू करा लागते, कावून का सारा तमाशा त्यायनंच उभा केला होता.

कवडूभाऊ आमचा शेजारी. भंडाऱ्याकडचा. भिलाईत भट्टीचं काम सुरू झालं तवा तो खलासी म्हणून लागला. दोर अन कप्पी लावून लोखंडाचे गर्डर वर चढवाचे, असं काम. रशियन साहेब खालून मान वर करून पाहत, अन हा वर बसून मजेत बिडी ओढे. बायको गावीच वारली होती. घरात तो अन त्याची पोरगी ललिता, बस.

गावी होता तवा कवडूभाऊ लय पेये, मोहाची. मंग नागपूरले जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली. घरी आला अन दारूचं मडकं त्यानं सोताच्या हातानं अंगणात फोडलं. तवापासून थेंब तोंडाले लावला नाई. अन आवाज म्हणान तं काय आवाज होता बापा! आमच्या झोपडीतल्या विहारात पुनवेच्या वंदनेले तोच समोर बसे. तो एक ओळ म्हणे, मंग मागून आमी सारे म्हणू. पाच शीलं त्याच्या तोंडून आयकताना माह्या अंगावर काटा येये. त्या जागेवर बसनं हाच त्याचा सारा मान होता. तो म्हणे, "वहिनी, मी पयले कोण होतो ते मले मालूम आहे. आता इथं बसतो, याच्यापेक्षा अजून काय पाहिजे?"

भट्टी उभी होऊन राहिली होती त्याच साली ललिताची सोयरीक जमून राहिली होती. पोरगा कुम्हारीचा, रेल्वेत नोकरीले. आमच्याच क्यांपातला चिंधू मधात होता. अन नेमका तवाच कवडूभाऊच्या खोकल्यात रगत आलं. टीबी. त्या काळात टीबीचं नाव घेतलं तरी लोक दारातून परत जात, त्या घरची पोरगी कोण करन? म्हणून बापलेकीनं कोणाले सांगितलं नाई. मुकादमानं त्याले उंचावरून काढून खाली सामानाच्या शेडात लावलं, तवा लोकायले सांगितलं, गुडघा दुखते म्हणून. आमीबी मानलं.

दवाखान्यात डॉक्टर वसुंधराबाई होती. नागपूरची, वयानं ललितापेक्षा थोडी मोठी असन. टीबीची नवी सुई निघाली होती, ते रोज द्या लागे. त्या सुईनं रोग तं हटे, पन कोणाकोणाले दुसराच तरास होये, कानाले, डोक्याले. कोणाले होते, किती होते, हे ते बाई गोळा करून राहिली होती. प्रत्येकाले विचारे, "चक्कर येते का? कानात आवाज येते का?" अन सारे मजूर मान हालवत, नाई बाई, काई नाई. कवडूभाऊबी तसंच म्हणे.

अन येत होती त्याले चक्कर! गंमत अशी का दिवसा तो बरोब्बर चाले. अंधार पडला का डोले. संध्याकाळी पाळीवरून परत येताना आमच्या गल्लीत दिवे नाईत, अन हा इकडून तिकडं झोकांड्या खात येये. एक डाव माह्या घराच्या बांबूच्या तट्ट्यालेच धरून उभा राहिला. पाहनाऱ्याले काय वाटन? सकाळी सरळ अन रात पडली का झिंगला. सारा क्यांप म्हणे लागला, कवडूनं पुन्हा धरली. लोकायच्या तोंडाले काय, झाकण थोडीच असते!

मी त्याले तोंडावर विचारलं, "कावून जी भाऊ, पेता का?"

"नाई वहिनी."

"मंग कावून डोलता?"

खाली मान घालून घरात निघून गेला. माहं काळीज तुटलं, खरं सांगते. पेणारा माणूस असा जात नाई, तो भांडते.

डॉक्टरीणबाईले कावून नाई सांगितलं, ते मले त्यानं सारं उघड झाल्यावर सांगितलं. म्हणे, "वहिनी, चक्कर येते म्हणलं असतं तं बाईनं पयले हेच विचारलं असतं, का पेता का. अन मी पयले पेतच होतो. माहं कोणी खरं मानलं असतं?" घ्या! शील पाळलं त्यानं, अन शील मोडल्यावानी तोंडबी त्यानंच लपवलं.

आमच्या बुवानं ऐतवारी दुपारी विहारात बैठक बसवली. मी घरी लय समजावलं, "आधी त्याले एकट्याले विचारा, असं चारचौघात नोका करू." पन आमचे बुवा! म्हणाले, "दारू न पेण्याचं पाचवं शील सांगनाराच पेते, तं मंग आमी काय तोंडानं म्हणाचं?"

सारे जमले. चिंधूबी समोरच बसला होता. कवडूभाऊ मधात उभा. बुवा म्हणाले, "या भितीपासून त्या भितीलोक चालून दाखव." कवडूभाऊ चालला, एकदम सरळ. भर दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं.

बुवा म्हणाले, "पाहा! आज पेला नाई तं कसा सरळ चालते. म्हंजे संध्याकाळी पेतेच." अन वंदनेची जागा सोडाले सांगितलं. कवडूभाऊनं चिंधूकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं अन म्हणाला, "बरं जी. सोडतो." मी समजली नाई तवा, का हा कावून कबूल करून राहिला. दारुड्या बापाची पोरगी खपते, टीबीवाल्याची खपत नाई, हा हिशेब होता त्याचा.

ललिता बायकांत माह्या बाजूले बसली होती. लाजरी पोट्टी, बैठकीत कधी तोंड उघडलं नाई. ते उठून उभी झाली. म्हणाली, "बाबा, आता डोळे मिटून चाला."

"बस खाली," कवडूभाऊ बोलला.

"नाई बसत. रोज सकाळी तोंडाले साबण लावून डोळे मिटता अन न्हाणीत पडता. सकाळी कोणती दारू असते जी? मिटा डोळे."

त्यानं मिटले. एक पाय टाकला, दुसरा टाकला, अन कापलेल्या झाडावानी आडवा झाला. बुवाच्याच पायाशी. ललितानं बापाचं डोकं मांडीवर घेतलं अन चिंधूकडं सरळ पाहून म्हणाली, "माह्या बाबाले टीबी आहे. सुया चालू आहेत. जा, सांगा कुम्हारीले."

हाय रे माय! सोताची सोयरीक त्या पोरीनं सोताच्या तोंडानं मोडली. मी ढसाढसा रडली. चिंधू खाली मान घालून उठून गेला, अन आठ दिवसांत कुम्हारीचा नकार आला. पुढं तिले चांगलं घर भेटलं, पन तवा तं ते पोरगी बापासाठी उघडी पडली होती.

दुसऱ्या दिवशी मीच दोघायले घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईनं आयकलं अन डोक्याले हात लावला. म्हणाली, सुईनं याच्या कानातला तोल गेला, आता हा डोळ्यानं पाहूनच तोल धरते, म्हणून अंधारात पडते. सुई बंद केली, दुसरं औषध दिलं, पुड्या अन गोळ्या. म्हणाली, लवकर सांगितलं असतं तं कान वाचले असते. अन त्या बाईनं तवापासून विचाराची रीत बदलली. चक्कर येते का, असं नाई विचारे. विचारे, "लोक तुम्हाले दारुड्या म्हणतात का?" अन पाहता पाहता रांगेतल्या माणसायच्या माना खाली गेल्या. किती तरी घरी हेच होऊन राहिलं होतं.

कवडूभाऊ टीबीतून वाचला. चालबी बरीचशी सुधरली, हातात काठी अन संध्याकाळी कंदील. पन कान गेले ते गेलेच. म्हणे, "आता मी समोर नाई बसत. मागचे लोक कवा थांबले ते मले आयकू येत नाई. कवा म्हणाचं, कवा थांबाचं?" आमच्या बुवानं त्याची माफी मागितली का? छे! तोंडातून एक अक्षर नाई निघालं. मी घरी बोलणं टाकलं होतं, तरी नाई.

मंग पुनव आली. बुवा गेले, कवडूभाऊले हात धरून आणलं, त्याच जागी बसवलं, अन आपली अध्यक्षाची चटई उचलून त्याच्या बाजूले टाकली. कवडूभाऊनं पयली ओळ म्हणली. मागून आमी म्हणली. आमचं सरलं का बुवा त्याच्या खांद्यावर हात ठेवत, मंग तो पुढची ओळ म्हणे. हात उचलत, परत ठेवत. एक शील, दोन, तीन, चार.

पाचवं आलं. आमच्या बुवाचा हात खांद्यावर गेला, तो उचललाच नाई.