धोंडीरामचं धुतलेलं इंजिन

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुरांड्यांचा धूर ज्या गावावरून जाई, तिथे धोंडीरामची पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चाले. चाले म्हणजे, ब्याऐंशी साली समोरच विजेची गिरणी आली तोवर. मग बायकांचे डबे तिकडे वळले आणि धोंडीरामजवळ इंजिन तेवढं उरलं.

काम नसल्यामुळे इंजिनाची निगा मात्र वाढली. ओट्यावर कोणी टेकला की धोंडीराम त्याला समजावून सांगे: पाइपात हवा शिरते, फिल्टरात कचरा अडकतो, नोझल चोंदतं, आणि या सगळ्यामागे माणसाची हयगय असते. इंजिन बिचारं आपणहून कधी बिघडत नाही.

दिवाळीच्या तोंडावर डीपीचा फ्यूज उडाला, समोरची गिरणी बंद पडली आणि भाजणीचे डबे घेऊन बायका पुन्हा त्याच्या दारात आल्या. आज गिऱ्हाईक टिकलं तर ठीक, नाहीतर गिरणी मोडीत काढायची, असं बायकोने सकाळीच बजावलं होतं.

त्याने ऐटीत हँडल मारलं. इंजिन पांढरा धूर सोडून दोनदा खोकलं आणि गप्प झालं. त्याने पाइपातली हवा काढली, फिल्टर पुसला. शेवटी डिझेलवाल्याला भेसळखोर ठरवून सायकलवर नाशिकरोडला गेला आणि शफी मिस्त्रीला घेऊन आला.

शफीने फिल्टरची वाटी तळहातावर उपडी केली.

"तात्या, हे तर पाणी हाय."

"पाणी कुठून येईल? दसऱ्याच्या पूजेला मी सोता टाकी धुतलीय. आतून."

शफीने ओला तळहात फडक्याला पुसला. "पूजा करा, तात्या. आंघोळ नका घालू."

बायकांत खसखस पिकली. विहिरीचं पाणीच हल्ली पहिल्यासारखं राहिलं नाही, असं धोंडीरामने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

शफीने टाकी रिकामी करून नवं डिझेल भरलं. इंजिन ठकठकू लागलं. रांगेत पहिल्या असलेल्या भिमाबाईची भाजणी जात्यात पडते न पडते तोच समोरच्या गिरणीतला दिवा लागला. बाकीच्या बायकांनी डबे उचलून समोरची वाट धरली.

"बसा वहिनी," धोंडीराम म्हणाला. "घाई नाय."

गिरणीचं हे शेवटचं दळण, हे दोघांनाही कळलं होतं. त्याने ते सावकाश दळलं, मग पीठ परत वर ओतून पुन्हा दळलं. चकलीला एवढं बारीक नको, असं भिमाबाई सांगत होती. इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसावं.