चार मिनिटं कुलपाविना

कल्पना करा, मरायला टेकलेल्या डिस्कवरून चारशे जीबी फायली तुम्हाला शेजारच्या खोलीतल्या नव्या मशीनवर न्यायच्या आहेत. वायर सेकंदाला शंभर एमबी सहज नेईल, पण स्क्रीनवर आकडा चौदाचा. आणि डिस्क टकटक वाजते आहे.

मोलगी गावची निशा वळवी त्या सकाळी अशीच बसली होती. नंदुरबारच्या एका तपासणी केंद्रात ती कॉम्प्युटर सांभाळते. डिस्कवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे आठ वर्षांचे रिपोर्ट होते, नावगावासकट. त्यात तिच्या धाकट्या बहिणीचाही. बहीण वाहक आहे हे घरात फक्त त्या दोघींना ठाऊक. लग्नाचं बोलणं चाललंय. सांगायचं तर बहीणच सांगणार.

या वेगाने आठ तास लागणार होते.

"हाई डिस्क दुपारलोंग टिकाव नही," जुने क्लार्क सुकलाल म्हणाले. "कुलूप काढी टाक. घरमाच कसाले कुलूप?"

फायली वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून सांकेतिक होऊन जात होत्या. सुकलाल त्यालाच कुलूप म्हणत.

"भाऊ, बाहेर बाकड्यावर बसेल लोकेसनं वाय-फाय बी याच वायरवर शे."

"त्या बठ्ठा क्रिकेट देखी ऱ्हायनात."

डिस्क एकदम गप्प झाली, मग खरवडल्यासारखी वाजली. निशाने कुलूप काढलं. आकडा ब्याण्णववर गेला. फायलींची नावं सरसर वर सरकू लागली आणि चौथ्या मिनिटाला त्यांत तिच्या गावाचं नाव दिसलं. तिने सगळं थांबवलं.

मग तिने आधीच पाहायला हवं होतं ते पाहिलं. वायर तर आधीही बरीचशी रिकामीच होती. दमला होता जुन्या मशीनचा प्रोसेसर. आधीच्या माणसाने त्याला न पेलणारी सांकेतिक पद्धत लावून ठेवली होती, वर आधीच दाबून लहान केलेल्या रिपोर्टांच्या फोटोंना पुन्हा दाबायचं कामही. तिने ते काम बंद केलं, तितकीच पक्की पण हलकी पद्धत निवडली. कुलूप लावूनही आकडा आता अडुसष्ट.

दीड तासाने शेवटची फाईल आली. बंद केलेली डिस्क पुन्हा सुरू झाली नाही.

"फायली वाचन्यात ना? आते जेवण करी ले," सुकलाल म्हणाले.

निशाने डबा उघडलाच नाही. ती राउटरची यादी पाहत होती. कुलूप काढलं होतं तेव्हा वाय-फायवर अकरा फोन होते. दहा तिने ओळखीच्या माणसांशी जुळवले. अकराव्याला नाव नव्हतं आणि बाकडं आता रिकामं होतं.

त्या चार मिनिटांत तो फोन नुसतं क्रिकेटच पाहत होता का?