कुंडलिककाकांची भरणी

तुमच्या घरात तुम्ही ताठ उभे राहू शकता का? हसू नका. कांजूरमार्ग पूर्वेला, खाडीच्या कडेला आमची गल्ली आहे. तिथं हा प्रश्न रोजचा आहे.

आमच्याकडे घरात पाणी शिरायला लागलं की भरणी करतात. लादी उखडायची, टॉवरवाल्यांनी फेकलेलं डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, आत ओतायचा, ठोकून बसवायचं, वर पुन्हा लादी. जमीन वीतभर वर येते. छप्पर मात्र तिथंच, कारण उंची वाढवली की पालिकेची माणसं हातोडा घेऊन हजर. खालून समुद्र, वरून कायदा, मध्ये आम्ही.

या कामातले उस्ताद म्हणजे कुंडलिककाका. दुष्काळात जालन्याकडचं गाव सोडून आलेले गवंडी. निम्म्या गल्लीची भरणी त्यांच्या हातची. एकाची जमीन वर गेली की पाणी शेजाऱ्याकडे. मग शेजारी काकांना बोलावणार. असं करत करत अख्खी गल्ली वर चढली आणि सगळी दारं बुटकी झाली. "आमच्याकडं पाहुणा आपोआप वाकूनच जय भीम घालतो," काका म्हणायचे. त्यांच्या घरातला पंखा कधीच उतरवलाय, डोक्याला लागायचा. हूक तेवढा उरलाय. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर दर भरणीला वर सरकते. आता पत्र्याला टेकलीय.

हा सगळा आटापिटा मुलीसाठी. माधुरी मुलुंडला लॅबमध्ये रक्त तपासते, भाड्यानं राहते. दर वेळी नवी खोली शोधताना घरमालक आडनाव विचारतात, 'कळवतो' म्हणतात, आणि कळवत नाहीत. काकांचा एकच हट्ट: पोरीला स्वतःचं दार पाहिजे. ते उघडायचं की लावायचं, तिनं ठरवायचं.

मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. समुद्राचं जे कळतं ते मोबाइलवर व्याख्यानं ऐकून, न कळलेलं पुन्हा पुन्हा ऐकून शिकलो. फुकाची भीती कुणाला घालत नाही. पण यंदा काकांनी परत लादी उखडली तेव्हा माझं टाळकं सटकलं.

"काका, बस करा. सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी साधारण आजच्याइतकीच तापली होती."

"तू होतास वाटतं तिथं?"

"मी नव्हतो, प्रवाळ होतं. ते पाण्याखालीच वाढतं. आज ते कोरड्या किनाऱ्यांवर, उंचावर सापडतं. जमीन स्वतः किती वर-खाली झाली ते वजा केलं, तरी समुद्र आजच्यापेक्षा सहा ते नऊ मीटर वर निघतो. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बराच बर्फ वितळून गेला होता."

"मग कधी येतंय तेवढं पाणी?"

"उद्या नाही. शेकडो वर्षं लागतील. पण त्या बर्फाचा भरवसा नाही. हिमयुग संपताना एकदा शंभर वर्षांत तीन-चार मीटर, अशा वेगानं समुद्र चढलाय."

"शेकडो वर्षं! अरे येड्या, मग मला कशाला घाबरवतोस?"

"कारण सुरुवात झालीय. आणि घर तुम्ही स्वतःसाठी नाही, माधुरीसाठी करताय."

काकांची थापी थांबली. "त्या वेळची माणसं काय करत असतील रे, राजेश?"

"उठून चालू लागत असतील. कुंपणं नव्हती. आडनाव विचारणारे नव्हते."

"मी एकदा चाललो," ते म्हणाले, "पाणी नव्हतं म्हणून. आता पाणी आलं म्हणून पोरीला चालायला लावू?"

भल्याभल्या साहेबांची बोलती बंद करणारा मी. घमेलं उचललं आणि डेब्रिज ओतायला लागलो.

नवी लादी बसली. रविवारी माधुरी आली. वाकून आत शिरली आणि सवयीनं ताठ झाली. पत्रा धाडकन वाजला.

"बाबा, हे घर काय फक्त बसायला केलंय का?" कपाळ चोळत ती हसली. मग मान वाकडी करून तिनं चारही भिंतींकडे पाहिलं. हसू गेलं. ती खाली बसली. "मी इथं उभीच राहू शकत नाही, बाबा."

काका पंख्याच्या हुकाकडे बघत राहिले.

दुपारी भरती आली. बाहेर लख्ख ऊन. पावसाचा थेंब नाही. आणि गटारातलं पाणी उलटं चढून, उंबरा ओलांडून नव्या लादीवर शांतपणे पसरलं. माधुरीनं पाय वर घेतले. काकांनी पोतं आणलं, गुडघ्यावर बसले आणि पुसायला लागले. पुसून पिळायचे, पुन्हा पुसायचे. आम्ही कुणी त्यांना थांबा म्हटलं नाही. त्यांना दुसरं काय करायला सांगणार होतो?

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या मोठ्या भरतीला आमच्या गल्लीत या. छत्री आणू नका, पाणी वरून येत नाही. काकांच्या दारातून आत या, आणि एकदा ताठ उभे राहून दाखवा.