साडूभाऊंचा जुना दमा

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात स्वतःच्या दम्याचा माझ्या थोरल्या साडूंइतका अभिमान दुसऱ्या कुणाला नसेल. त्यांना तो पाळण्यात असतानाच लागला, आणि लोक वडिलोपार्जित जमीन सांगतात तसा ते तो सांगतात. कुणाच्या शिवारात तुरीचं खळं चाललंय हे त्यांना नाकानं कळतं. थोरल्या मेहुणीनं गादी झटकायला घेतली की हे गल्लीच्या टोकाला. तुळजापूरच्या एसटीत खिडकीवरून कंडक्टरशी भांडतात, धाप लागली की त्याच्याच बाटलीतलं पाणी पितात आणि उतरेपर्यंत त्याला आपल्या दम्याची कुळकथा ऐकवतात.

पन्नाशी उलटल्यावर मलाही दमा निघाला, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते त्यांनी बाकी ठेवले. पण पायरीही दाखवली. "माजा दमा माज्यासंगं वाढलाय, साडूभाऊ. तुमचा आत्ता आलाय. आठ दिस पाहुणचार करा, आपसूक जातो. रोज पंप कशाला वढायचा?" त्यांचा खरंच तसा होता. मिसरूड फुटताना नाहीसा झाला, लग्नानंतर परतला, तोही धुरळ्यापुरता. एवढा अनुभवी माणूस सांगतोय म्हणून मी डॉक्टरीणबाईंनी दिलेला औषध ओढायचा पंप ठेवून दिला. दिवाळीच्या आत मला एक वाक्य सलग बोलता येईना.

साडूंनीच मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहानपणीचा दमा बहुतेक धुळीबिळीच्या वावड्यानं येतो, कधी वयात येताना दबतोही. उशिरा आलेला बऱ्याचदा मुक्कामच ठोकतो. यांना धुळीचं वावडं दिसत नाही, पण रोजचा पंप चुकवायचा नाही." साडू बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले. "माजं शानपण तुमच्या जिवावर आलं असतं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन येतो, "घेतला का?" आणि पंपाचा आवाज ऐकल्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत.

चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत लोक रानातले चुनखडीचे खडे वेचून देवीला वाहतात. धुरळा असा उठतो की शेजारचा माणूस दिसत नाही. साडूंच्या नावाचा खडा त्यांची आई वेचायची, माझ्या लेकराचा श्वास सांभाळ म्हणायची. आई गेली त्या वर्षी साडू हट्टानं स्वतः रानात उतरले आणि खडा राहिला बाजूला, त्यांनाच उचलून आणावं लागलं. मेहुणीला गुडघ्यांमुळं वाकवत नाही. त्या वर्षापासून घरात यात्रेचा विषय निघाला की ते उठून जायचे.

यंदा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि साडूंना म्हणालो, "मी वेचतो तुमच्या नावाचा. मला धूळ चालते." माझ्या दम्याकडे त्यांनी पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं.

नाकाला उपरणं गुंडाळून ते लांब सडकेवर उभे राहिले. मी रानातून खडा आणला, त्यांना त्रास नको म्हणून सदऱ्याला पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला. ते त्याच्याकडं बघतच राहिले.

"आई बी पुसूनच द्यायची," ते म्हणाले. मग उपरण्याआडूनच विचारलं, "सकाळचा पंप घेतला व्हता न्हवं?"