माळ्यावरची चुंगडी

आमच्या लेआउटमध्ये कचरागाडी सकाळी आठच्या सुमारास येते. भोंग्यावर तेच ते गाणं वाजत असतं. ते कोपऱ्यावर वळलं की माझ्या हातातलं काम थांबतं. शेजारच्या बायका बादल्या घेऊन फाटकाशी जातात, मी मात्र स्वयंपाकघरातच उभी राहते. माझ्याकडे गाडीत टाकण्यासारखं आठवड्यातून एकदाच काही निघतं, तेही ओंजळभर. ते टाकण्याआधी मी प्रत्येक पुडी उघडून पाहते, हलवून पाहते, कानाशी नेते. लोकांना वाटतं, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. वेड आहे हे खरं, पण स्वच्छतेचं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आई आणि मी, दोघीच. आई उमरेडकडच्या खेड्यातली. मी नागपुरात वाढलेली, नीटनेटकेपणाचा नको तेवढा सोस असलेली आणि तोंडाने फटकळ. आईला कुठलीच वस्तू टाकवत नसे. दुधाचं पाकीट रिकामं झालं की ते कापायचं, आतून-बाहेरून धुवायचं, चिमटा लावून दोरीवर वाळवायचं आणि घडी करून दिवाणाखाली ठेवायचं. माझ्या साड्यांशेजारी लटकणारी ती पाकिटं पाहुण्यांना दिसली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"आई, आपण काय कबाडी आहोत का?" मी म्हणायची.

"चांगल्या वस्तूले काहून फेकाचं? ठेवली तं कामी येते," ती म्हणे.

ती पाकिटं कुठे कामी येतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर पाहण्याची तसदीच घेतली नव्हती.

दसऱ्याला आमच्याकडे गावाकडची माणसं येतात. दीक्षाभूमीवर जायचं आणि मुक्काम आमच्या घरी, ही जुनी रीत. त्या वर्षी पंधराएक माणसं येणार होती. शाळेला सुट्टी होती, आई विहारात गेली होती, आणि मी पदर खोचून घर आवरायला काढलं. दिवाणाखालून दोन चुंगड्या निघाल्या, तांदळाची ती पाच किलोची लहान पोती असतात तशा. पहिलीत पाकिटं होती, वरूनच दिसत होती. दुसरीचं तोंड सुतळीने आवळून बांधलं होतं. ती उचलली तर हाताला जड लागली, आणि आत काहीतरी खुळखुळलं.

तेवढ्यात गाडीचं गाणं ऐकू आलं. गाठ सोडून पाहायला मला कितीसा वेळ लागला असता? मी गाठीला हात लावलासुद्धा. मग कंटाळा केला. दोन्ही चुंगड्या फाटकाशी नेल्या आणि गाडीवरच्या माणसाच्या हातात दिल्या. त्याने सुतळीवाली जरा तोलून पाहिली.

"मॅडम, हे पन टाकाचं का?"

"टाका हो, कचराच आहे," मी म्हटलं.

पाहुणे आले, राहिले, गेले. चुंगड्या टाकल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या चहाच्या वेळी आई दिवाणाखाली वाकून काहीतरी शोधू लागली.

"माही चुंगडी कुठी हाय वं?"

"कोणती?"

"सुतळीची. त्यात माहं बियाणं हाय."

मग तिने सांगितलं. वालाचं, ढेमसाचं, काकडीचं बियाणं. तिच्या आईने लग्नात तिच्या ओटीत टाकलेलं. दर वर्षी कुंपणाशी वेल लावायचे, शेवटच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, दाणे राखेत चोळायचे आणि दुधाच्या धुतलेल्या पाकिटात भरून दोऱ्याने आवळायचे, म्हणजे कीड लागत नाही. इतकी वर्षं हे माझ्या नाकासमोर चाललं होतं. दर हिवाळ्यात त्या वालाच्या शेंगांची भाजी मी मिटक्या मारत खाल्ली होती, आणि हे बी कुठून येतं, असा प्रश्न विज्ञानाच्या बाईंना कधी पडला नव्हता.

"माळ्यावर ठेवली," मी म्हटलं.

हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले ते मला आजही कळत नाही. आईचे गुडघे गेले होते. माळ्याच्या लोखंडी शिडीवर ती चढू शकणार नव्हती, हे बोलता बोलताच मला ठाऊक होतं. तिने वर माळ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्कूटी घेऊन भांडेवाडीला गेले. सगळ्या शहराचा कचरा तिथे जातो हे मी वर्गात शिकवलं होतं, फळ्यावर चित्रही काढलं होतं. प्रत्यक्ष कधी गेले नव्हते. फाटकावरच्या चौकीदाराला सांगितलं, चार दिवसांपूर्वी आमच्या गाडीतून एक चुंगडी चुकून आली आहे. तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं.

"ताई, चार दिवसाचं? त्याच्यावर कितीक गाड्या रित्या झाल्या. थे आता पार खाली गेलं," तो म्हणाला.

ढीग टेकडीएवढा होता. वर घारी फिरत होत्या. मी पदर नाकाला लावून बराच वेळ उभी राहिले. या सगळ्याखाली कुठेतरी सुतळीची एक गाठ आहे, आणि ती अजून बांधलेलीच आहे, एवढंच डोक्यात येत होतं. घरी येऊन आंघोळ केली. आईने विचारलं, उशीर काहून झाला? मी म्हटलं, शाळेत मीटिंग होती. एक खोटं पचलं की दुसऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

त्या दिवसापासून आई रोज विचारू लागली. पाच वाजता मी चहाचा कप तिच्या हातात दिला की, "माही चुंगडी कुठी हाय वं?" मी म्हणायची, "माळ्यावर आहे ना गं." ती म्हणायची, "बरं." रोज तेच शब्द, त्याच क्रमाने. महिनाभरात मी ठरवून टाकलं की आईला विसर पडायला लागला आहे. सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं. ज्याला उत्तर आठवतच नाही त्याच्याशी खोटं बोललं तरी काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावलं.

पण मला गाडीत काही टाकवेना. केळीची सालं, चहाचा चोथा, फाटकं पायपुसणं, काहीही हातात घेतलं की वाटे, हे आता त्या ढिगावर जाणार, म्हणजे तिच्या चुंगडीवरच पडणार. आपण रोज थोडं थोडं करून ती आणखी खोल पुरतो आहोत. मग मी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या नेल्या, त्यांना भोकं पाडली आणि ओला कचरा तिथे मुरवायला लागले. बाजारात कापडी पिशव्या नेऊ लागले. तेलाला स्टीलची बरणी, किराणा डब्यात. दुधाची पाकिटं बंद करून गवळ्याकडून कॅनमधलं दूध सुरू केलं. धुऊन वाळवायला काही उरलं नाही तेव्हा आई दोरीकडे पाहत राहिली.

बादल्यांना आधी आळ्या पडल्या, वास सुटला. माझं पुस्तकी ज्ञान तिथे आडवं झालं. आई भिंतीला धरून एकेक पायरी चढत गच्चीवर आली.

"आमच्या गावात याले उकिरडा म्हनत. इतकी शिकली आन् शेवटी उकिरड्यावर आली," ती म्हणाली.

मग तिनेच आंबट ताक शिंपडायला लावलं, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायला लावला, गोठ्यातून शेण आणवलं. "बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटते," असं म्हणत ती पाटावर बसून खत चाळायची. मला ते दिवस फार आवडायचे आणि फार छळायचे. ऊन पाठीवर घेत आम्ही दोघी खत चाळत बसायचो, आणि मध्येच तिचा हात थांबायचा.

"माही चुंगडी कुठी हाय वं?"

"माळ्यावर."

"बरं."

आषाढात वेल लावायची वेळ आली. तिने म्हटलं, "थोडं बी काढून दे." त्या दिवशी मी जे केलं ते कोणालाही सांगितलेलं नाही. मी इतवारीच्या बाजारातून वालाचं बी विकत आणलं. शेजारून दुधाचं एक पाकीट मागून घेतलं, धुतलं, वाळवलं. देवळाबाहेरच्या धुनीतली राख आणून त्यात दाणे चोळले आणि पाकीट दोऱ्याने आवळलं. मग शिडी लावून आईच्या देखत माळ्यावर चढले, थोडी खुडबुड केली आणि पाकीट घेऊन उतरले.

तिने दोरा सोडला. दाणे तळहातावर घेतले. एक दाणा पदराला पुसला, उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. तिचं बी काळं, त्यावर पांढरी रेघ. माझं तपकिरी होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर मावशीने सांगितलं. आई माझ्याकडे पाहत होती. मी साडीची धूळ झटकत होते.

"बाकीचं राहू दे माळ्यावर," ती म्हणाली, आणि ते दाणे घेऊन कुंपणाकडे गेली.

वेल आला. शेंगाही भरपूर लागल्या. त्यांची भाजी पचपचीत झाली, पण आई दोनदा घेऊन जेवली, "चांगली झाली" म्हणाली. मला वाटलं, निभावलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिने पुन्हा विचारलं.

फाल्गुनात, एका दुपारी, पेपर वाचता वाचता आई गेली. आदल्या संध्याकाळीही तिने विचारलं होतं, आणि मी तेच उत्तर दिलं होतं. भन्ते आले, पुण्यानुमोदन झालं, नातेवाईक परतले. घर रिकामं झालं. त्यानंतर पहिल्यांदा मी एकटीने चहा केला, आणि पाच वाजता दिवाणाच्या बाजूने मला तिचा आवाज आला. भास म्हणा. मी विज्ञान शिकवलं आहे, भास म्हणजे काय ते मला कळतं. कळून तो थांबत नाही. मी म्हटलं, "माळ्यावर आहे." रिकाम्या घरातही मी खोटंच बोलले.

तशातच लेआउटमध्ये माझं नाव झालं. घरातून कचरा जवळजवळ निघतच नाही, म्हणून बायकांनी समाजभवनात माझं भाषण ठेवलं. शाल दिली. कोणीतरी विचारलं, मॅडम, सुरुवात कशी झाली? मी म्हटलं, "आईमुळे." टाळ्या पडल्या. मी शाल घडी करून पिशवीत टाकली.

यंदा मी निवृत्त झाले. नोकरीत असताना साडेसातलाच घराबाहेर पडायची, त्यामुळे निघेल ती बादली आईच फाटकाशी नेऊन द्यायची, आणि ती गेल्यावर माझी ओंजळभर पुडी रविवारी जायची, तेव्हा गाडीवर दुसरा माणूस असे. निवृत्तीनंतर एका सोमवारी मी पुडी घेऊन फाटकाशी गेले, तर गाडीवर तोच होता, ज्याच्या हातात मी चुंगडी दिली होती. केस पिकले होते.

"जय भीम, मॅडम. आजीची लय याद येते," तो म्हणाला. "रोज इथंच उभी राहे."

मी पुडी पुढे केली.

"थे चुंगडीचं मले अजून वाईट वाटते. आजीनं मले इचारलं होतं ना, का बापू, माही चुंगडी तुह्या गाडीत गेली का? म्या खोटं कायले बोलू? म्हटलं, हाव आजी, मॅडमनं देल्ली, भांडेवाडीले गेली."

"कधी विचारलं होतं?"

"तवाच. दसरा झाल्यावर तीनचार दिवसांनी."

मी फाटकाची कडी धरली. म्हणजे मी "माळ्यावर ठेवली" म्हटल्याच्या दुसऱ्याच सकाळी, स्कूटी घेऊन ढिगापाशी गेले त्या दिवशी.

"मग आई काय म्हणाली?"

"ओट्यावर बसली थोडा वेळ. मंग म्हणे, माह्या पोरीले सांगू नको का मले मालूम हाय म्हणून. मी तिले रोज इचारीन. एखाद्या दिवशी थे सोताहून सांगन." त्याने माझ्या हातातली पुडी घेतली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मंग, सांगतलं होतं ना मॅडम तुमी?"

गाणं वाजतच होतं. पुढच्या घरची बाई बादली घेऊन थांबली होती, म्हणून तो उत्तराची वाट न पाहता पुढे गेला.

तिला काहीच विसर पडला नव्हता. दीड वर्ष ती रोज पाच वाजता मला दार उघडून देत होती, आणि मी रोज ते तिच्या तोंडावर लावत होते. ती बियाणं मागत नव्हती. आणि मी तिच्या तळहातावर इतवारीचे तपकिरी दाणे ठेवले.

त्या दिवशी पाच वाजता मी दोन कप चहा केला. एक दिवाणापाशी ठेवला. प्रश्न आला. "माळ्यावर" हा शब्द सवयीने ओठापर्यंत आला, तो मी गिळला. आयुष्यभर तिच्याशी मी पुस्तकी मराठीत बोलले होते. त्या दिवशी तिच्या बोलीत म्हटलं, "माय, थे म्या फेकली वं. उघडून नाही पाह्यली." आणि खूप रडले.

कपातल्या चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिने पुन्हा विचारलं.