फ्रान्सचा जनू

आमच्या जनूनं धंद्यातल्या जोडीदाराला गोळी घातली, ही बातमी नात्यात माझ्यामुळं पसरली.

जनू म्हणजे माझा सख्खा मामेभाऊ, निमगाव सावाचा. स्वभावानं इतका गरीब, की कोंबडी ओसरीवर चढली तर तिला हाकलायचं सोडून हा स्वतःच खाली उतरून उभा राहायचा!

त्याचं असं झालं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला टीव्ही बंद सांगितला. रोजची मालिका गेली. जुन्नरच्या आमच्या घरात काळा चष्मा लावून ती दिवसभर खुर्चीत बसायची आणि मांजर आलं तरी “कोन हाय?” म्हणून दरडावायची. मला त्या काळात एका फ्रेंच दिग्दर्शकाचं वेड लागलं होतं. (नाव सांगत नाही. मला ते अजून उच्चारता येत नाही.) त्याचे सगळे सिनेमे गुन्हेगारीचे आणि सगळे काळोखे. पाऊस, लांब कोट, डोक्यावर हॅट, तोंडात सिगारेट, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. बोललाच, तर समजावं की आता हा मरणार!

एका रविवारी दुपारी मी लॅपटॉप उघडून बसलो.

“काय बघतो रं? मलाबी सांग की,” आई म्हणाली.

“आई, फ्रेंच आहे. खाली इंग्रजीत येतं ते वाचावं लागतं.”

“मग वाच आन् मराठीत सांग. तोंड दुखतंय व्हय?”

मी सुरू केलं. “हा आहे झाँ...”

“हे नाव हाय का शिंक?”

मग मी झाँचा जनू केला, सिमोनची सुमन केली आणि तिसऱ्याला नुसतं ‘जोडीदार’ म्हटलं. आमच्या खऱ्या जनूच्या बायकोचं नावही सुमनच आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. उलट मला त्याचं हसूच आलं. (माणसाची विनोदबुद्धीच त्याला खड्ड्यात घालते!)

आई पार रंगून गेली. “हा जनू बोलत का न्हाई?”

“फ्रेंच सिनेमात असंच असतं.”

“तुझं वडीलबी बोलत नव्हतं. ते कुठं फ्रान्सचं व्हतं?” मग काळा चष्मा सावरून ती म्हणाली, “त्यो जेवला का पर? मघापासनं नुसत्या सिगरेटीच वढतोय.”

जनू आणि जोडीदारानं सराफाचं दुकान फोडलं, जोडीदारानं दगा दिला, गोळी सुटली, आणि सुमन फौजदाराच्या गाडीत बसून निघून गेली. इथं वीज गेली, आणि तिच्याबरोबर वायफायही. आमच्याकडं मध्यंतर वीजमंडळच करतं.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, महाळुंगे पडवळला दिलेली. दोघी बहिणी रोज फोनवर मालिकेतल्या माणसांबद्दल भावकीतल्यासारख्या बोलायच्या. त्यामुळं ‘हे सिनेमातलं आहे’ वगैरे सांगायची आईला गरजच वाटली नाही.

“जनूनं लई वाईट केलं गं,” आई उसासा टाकून म्हणाली. “जोडीदाराला गोळी घातली. आन् सुमन गेली फौजदाराबरूबर. बाई चांगली व्हती, पर काय करील?”

मी चहा गाळत होतो. गालातल्या गालात हसलोसुद्धा! तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. मावशीनं फोन ठेवला आणि काकांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, कानावर घातलं. काका गावच्या तंटामुक्ती समितीत होते. ते शांतपणे म्हणाले, “आगं, शिरेलीतलं सांगत आसंल.”

“आक्काचा टीव्ही बंद हाय. डाक्टरनं सांगितलंय. मग शिरेलीतलं कसं आसंल?”

काकांना हे पटलं. (खरं तर मलाही पटलं असतं.)

काकांनी जनूला फोन लावला. बंद! जनू टोमॅटोवर औषध मारत होता आणि मोबाइलची बॅटरी संपलेली. “फरार,” काका म्हणाले. सुमनला लावला, तर ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. ती गेली होती डिंभ्याला, धरणाकाठी, भावाकडं. तिथं परतीची एसटी चुकली म्हणून मुक्काम पडला, आणि रेंजचं म्हणाल तर धरणात पाणी असतं, मोबाइलला रेंज नसते. पण काकांच्या डोळ्यांपुढं फौजदाराची जीप धुरळा उडवत चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात भाड्याची जीप थांबली. मावशी उतरली ती रडतच. “आक्का, म्हायेराचं नाव गेलं गं!”

आईनं कारण न विचारता तिच्या गळ्यात पडून सूर लावला. (बहिणी रडताना कारण विचारायची पद्धत नाही.) मी ड्रॉपची बाटली घेऊन भोवती नाचतोय, “आई, डोळ्यांना पाणी लावायचं नाही!” तोवर काकांनी मला कोपऱ्यात ओढलं.

“वकील बघून ठेवलाय. मुडदा घावला का?”

“कुणाचा?”

“इक्बालभाईचा!”

इक्बालभाई हे जुन्नरच्या बाजारातले व्यापारी, जनूचे टोमॅटोच्या धंद्यातले जोडीदार. आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर जनूच्या पिकअपचा हॉर्न वाजला. जनू हसत आत आला. काकांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं.

“जनू, खोटं बोलू नगं. समदं कळलंय. केलंस ना?”

जनूचा चेहरा पांढराफटक पडला. “व्हय काका. केलं.”

मावशीनं हंबरडा फोडला.

“पर मुद्दाम न्हाई, काका! रिव्हर्स घेताना मागचं दिसलंच नाय!”

“रिव्हर्स?”

“तुमच्या गेटचा खांब... मीच पाडला.”

त्या खांबापायी काका शेजाऱ्याशी कित्येक महिने बोलत नव्हते! तंटामुक्तीच्या माणसाचा तंटा आमच्याच घरातून सुरू झालेला. काका वासलेल्या तोंडानं उभे, आणि त्याच वेळी दारातून टोमॅटोचं क्रेट घेऊन इक्बालभाई आत आले.

“खाला, टमाटे कुठं ठेवू?” त्यांनी आईला विचारलं.

मावशीनं रडं गिळून हात जोडले. “भाऊ, तुमी... हाय का?”

“हाय की,” इक्बालभाई म्हणाले. “का? जायला पायजे व्हतं?”

मग सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी काय ते सांगितलं. कुणाला आनंद झाला असेल म्हणता? छे! मावशी म्हणाली, “येवढी भाड्याची जीप करून आलो, आन् कोन मेलंबी न्हाई!” आणि उरलेला सिनेमा दाखवल्याशिवाय ती उठेना. सगळे ओळीनं बसले. जनू तर पडद्याच्या इतका जवळ, की हॅटवाले दिसेनात.

“मी वाचतो का शेवटी?” त्यानं हळूच विचारलं.

शेवटी पावसात सगळे मरतात, हे मला माहीत होतं. पण एका बाजूला जनू, दुसऱ्या बाजूला इक्बालभाई, समोर काका! मी जोडीदाराला दवाखान्यात नेऊन बरा केला, जनूला पोलिसांत हजर केलं आणि सुमनला भावाकडं धाडलं. पडद्यावर धडाधड माणसं पडत होती आणि मी म्हणत होतो, “दमलेत, जरा आडवे झालेत.” संध्याकाळी खरी सुमन एसटीनं आली. फौजदाराशिवाय!

त्यानंतर कितीतरी रविवार तसेच गेले. मावशी डब्यात कुळथाच्या शेंगोळ्या घेऊन यायची, इक्बालभाई सहज म्हणून डोकावायचे आणि सिनेमा संपेपर्यंत बसायचे. आईचे डोळे बरे झाले, मालिकाही सुरू झाली, तरी दुपारी ती म्हणायचीच, “तुझा त्यो फ्रान्सचा लाव की.” आता आई नाही. मी कानात हेडफोन घालून एकटाच बघतो. हॅटवाला सिगारेटी ओढत राहतो, आणि तो जेवला का हे कुणी विचारत नाही. मग मीच मनात विचारतो.

परवा तोच सिनेमा पुन्हा लावला. या वेळी सांगायची घाई नव्हती, म्हणून खालची ओळ न् ओळ नीट वाचली. आणि उडालोच! गोळी झाँनं घातलीच नव्हती. तो त्या वेळी दुसऱ्याच गावात होता. मारणारा वेगळा, मेलेला वेगळा. मी लगेच जनूला फोन लावला.

“जनू, तू निर्दोष आहेस. माझ्या वाचण्यात चूक झाली होती.”

पलीकडं बराच वेळ शांतता. अगदी फ्रेंच.

“पर राव, खाली समदं इंग्रजीत येत व्हतं ना?”

“हो.”

“आन् तू हायस्कुलात पोरान्ला काय शिकवतो?”

“इंग्रजी,” मी म्हणालो.